रूप बदलणाऱ्या रोबोची पारख : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

संग्रहाविषयी आलेल्या पत्रांपैकी या वेळी बहुतेक पत्रे रूप बदलणाऱ्या रोबो खेळण्यांची आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ‘किंमत सांगा’ एवढेच विचारणारी पत्रे बाजूला ठेवावी लागली, कारण वस्तू हातात न घेता सांगितलेली किंमत ही अटकळच असते. वस्तू स्वतः कशी तपासावी, हे मात्र लिहून सांगता येते.

प्रश्न : काकांच्या जुन्या सामानात मला ऑप्टिमस प्राइम, म्हणजे ‘ट्रान्सफॉर्मर्स’ मालिकेतील ट्रक होणारा रोबो, मिळाला. ट्रक आणि ट्रेलर दोन्ही आहेत, खोका नाही. अंगावर १९८४ च्या आधीची साले उमटवलेली आहेत आणि घासल्यावर चिन्ह दिसणारा चौकोनी स्टिकर कोठेच नाही. या दोन कारणांवरून एका परिचितांनी तो नकली ठरवला. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का? आणि अशा वस्तूची पारख नेमकी कोठून सुरू करावी?

उत्तर : आपल्या परिचितांनी सांगितलेल्या दोन्ही कारणांवरून वस्तू नकली ठरत नाही. अंगावरचे साल हे त्या रचनेच्या स्वामित्वहक्काचे असते. ते खेळणे कारखान्यातून केव्हा बाहेर पडले, हे त्यावरून कळत नाही. हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने १९८४ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नावाने ही खेळणी आणली, तेव्हा तिने साचे नव्याने तयार केले नव्हते. जपानच्या ताकारा कंपनीची १९८० मध्ये सुरू झालेली ‘डायाक्लोन’ ही मालिका आणि ‘मायक्रोमॅन’ मालिकेची १९८३ मधील ‘मायक्रो चेंज’ ही शाखा, या दोहोंतील खेळणी निवडून त्यांना नवी नावे, नवे गट आणि नवी कथा देण्यात आली. ऑप्टिमस प्राइम हा मूळचा डायाक्लोनमधील ‘बॅटल कॉन्व्हॉय’. साउंडवेव्ह, मेगाट्रॉन आणि बम्बलबी ही मंडळी मायक्रो चेंजमधून आलेली. त्यामुळे १९८४ मध्ये विकल्या गेलेल्या खेळण्यावर त्याआधीचे साल असणे हेच स्वाभाविक आहे. बोटाने घासल्यावर उबेमुळे गटाचे चिन्ह दाखवणारा स्टिकर १९८५ पासून सरसकट लावला जाऊ लागला, तोही मुख्यतः नकलांपासून अस्सल माल वेगळा ओळखता यावा म्हणून. पहिल्या वर्षीच्या प्रतीवर तो नसणे हा दोष नाही, आणि ज्या प्रतींवर तो आहे त्यांतील अनेक स्टिकर इतक्या वर्षांनंतर उबेला दादही देत नाहीत.

आता पारखीच्या क्रमाकडे वळू. नवखा माणूस चकाकीकडे आधी पाहतो, आणि विकणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. रूप बदलणारे खेळणे हे मुळात एक यंत्र आहे; त्याला दोन रूपे आहेत आणि त्या दोन रूपांमधला प्रवास त्याला पुन्हा पुन्हा करावा लागतो. म्हणून जे नुकसान भरून येणार नाही ते आधी शोधावे, आणि जे पुसून, धुऊन किंवा सुटा भाग मिळवून दूर करता येईल त्याकडे नंतर वळावे. धूळ, सुटलेला स्टिकर, हरवलेली रायफल या गोष्टी दुसऱ्या प्रकारात मोडतात. पिनेभोवती तडकलेले प्लॅस्टिक पहिल्या प्रकारात मोडते, मग बाकीचा रोबो आरशासारखा का चकाकत असेना.

खेळण्याला हात घालण्यापूर्वी त्याची सूचनापत्रिका मिळवावी, निदान तिचे चित्र तरी समोर ठेवावे. अनेक वर्षे एकाच स्थितीत पडून राहिलेला सांधा पहिल्याच झटक्यात पूर्ण फिरवणे ही सर्वांत महाग पडणारी घाई आहे. थंड खोलीत प्लॅस्टिक अधिक ठिसूळ वागते, म्हणून वस्तू खोलीच्या नेहमीच्या तापमानाला येऊ द्यावी; मग प्रत्येक सांधा आधी अगदी थोडा मागेपुढे हलवून पाहावा आणि तो मोकळा होत असल्याचे जाणवल्यावरच पुढे न्यावा. खुंट्या खाचांतून सरळ रेषेत बाहेर काढाव्यात. तिरपा जोर दिला तर खुंटी तरी मोडते, नाहीतर खाचेची कड फाकते.

प्रत्येक सांध्याजवळ तिरपा उजेड टाकून पाहिले की दोन प्रकारच्या खुणा दिसू शकतात. एक असते पांढुरकी, धुरकट रेघ. एबीएस हे या खेळण्यांतील कठीण प्लॅस्टिक वाकले की आतील रचना ताणली जाते आणि त्या जागी रंग फिकट पडतो. ही ताणाची खूण आहे. तेथे तुकडा अजून अखंड असतो, पण एकदा वाकून आलेला असतो. दुसरी खूण म्हणजे खरा तडा. नख आडवे फिरवले की ते त्यात किंचित अडकते, आणि सांधा हलवताना त्या रेघेची रुंदी बदलते. पारदर्शक भागांत, म्हणजे ट्रकच्या काचांत किंवा विमानचालकाच्या जागेवरील पारदर्शक झाकणात, स्क्रूभोवती किरणांसारखे बारीक तडे दिसतात, आणि ते पुढे वाढत जातात. दुरून ताणाची खूण आणि तडा सारखेच दिसतात. छायाचित्रांवरून खरेदी करणाऱ्याची फसगत बहुधा येथेच होते.

सांध्यांचा घट्टपणा दोन्ही रूपांत वेगवेगळा तपासावा लागतो. रोबोच्या रूपात तो स्वतःच्या पायांवर उभा राहतो का, हात आडवा धरला तर हळूहळू खाली येतो का, हे पाहावे. वाहनाच्या रूपात सर्व भाग एकमेकांत बसून फटी बंद होतात का आणि चारही चाके एकाच वेळी जमिनीला टेकतात का, हे पाहावे. रोबो ताठ उभा राहतो पण ट्रकची पाठ काही केल्या मिटत नाही, अशा वेळी आतला एखादा भाग वाकलेला असतो, किंवा पूर्वी कोणीतरी स्क्रू उघडून तो चुकीच्या बाजूने बसवलेला असतो. स्क्रूच्या डोक्यावरील ओरखडे हे आधीच्या दुरुस्तीचे सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहेत. पिचकारीत मिळणारे गंजनाशक तेल मात्र सांध्यांत मारू नये. काही पारदर्शक प्लॅस्टिके अशा द्रवांनी तडकतात.

यानंतर पूर्णता तपासावी. ऑप्टिमस प्राइमच्या बाबतीत रायफल, दोन्ही सुट्या मुठी, ‘रोलर’ ही छोटी गाडी, इंधन भरण्याची नळी व तिचे टोक आणि क्षेपणास्त्रे एवढे तरी शोधावे. मुठी हमखास हरवतात, कारण ट्रक करताना त्या काढून ठेवाव्या लागतात. ट्रेलर उघडून आतला यांत्रिक हात शाबूत आहे का, तेही पाहावे. धुराड्यांवरचा आणि इतर चकचकीत भागांवरचा क्रोम हा निर्वात पेटीत चढवलेला धातूचा अतिशय पातळ थर असतो; तो बोटांच्या घर्षणानेही उडतो आणि घरी परत चढवता येत नाही, म्हणून हे भाग पॉलिशने घासू नयेत किंवा साबणाच्या पाण्यात भिजवत ठेवू नयेत.

स्टिकर थोडे तिरके लागले असतील तर मन कष्टी करून घेऊ नका. त्या काळी बरेचसे स्टिकर वेगळ्या कागदावर येत आणि ते चिकटवण्याचे काम घरच्या मुलाकडे असे. माझ्या मते, कोणा मुलाने वाकडे लावलेले अस्सल स्टिकर हे काटकोनात लावलेल्या नव्या छपाईपेक्षा केव्हाही सरस.

प्रश्न : माझ्याकडील १९८५ च्या जेटफायर या विमान होणाऱ्या रोबोचे पांढरे भाग पिवळे पडले आहेत, तेही सारखे नाहीत, पंख गडद आणि छाती फिकट. हायड्रोजन पेरॉक्साइडने ते पुन्हा पांढरे करावेत का? शिवाय त्यावर ताकारा हे नाव नाही, याचाही अर्थ सांगावा.

उत्तर : दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे. जेटफायरचा साचा ताकाराचा नाहीच. ‘मॅक्रॉस’ या जपानी मालिकेतील व्हीएफ-१ या लढाऊ विमानाचे खेळणे ताकातोकु टॉईज या कंपनीने तयार केले होते; तेच हॅस्ब्रोने रंग बदलून जेटफायर म्हणून विकले. त्यामुळे ताकाराचे नाव न सापडणे हे अस्सलपणाला धरूनच आहे.

पिवळेपणाचे उत्तर तितके सरळ नाही. एबीएस प्लॅस्टिकमध्ये ब्युटाडाइन नावाचा रबरासारखा घटक असतो. अतिनील किरण, उष्णता आणि हवेतील ऑक्सिजन यांच्यामुळे त्याचे हळूहळू ऑक्सिडीकरण होते आणि प्लॅस्टिक पिवळे पडत जाते. निरनिराळे भाग प्लॅस्टिकच्या निरनिराळ्या घाण्यांतून आलेले असतात आणि त्यांना मिळालेला उजेडही सारखा नसतो, म्हणून एकाच खेळण्याचे पंख गडद व छाती फिकट दिसते. सीलबंद खोक्यात, अंधारात ठेवलेली प्रतही पिवळी पडू शकते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. ‘कधीच उन्हात ठेवले नाही’ हे विकणाऱ्याचे वाक्य खरे असले तरी त्यावरून पांढरेपणाची हमी मिळत नाही.

पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश यांचा एकत्र वापर जुने संगणक जमवणाऱ्यांनी २००८ च्या सुमारास प्रचारात आणला आणि तेथून तो खेळण्यांच्या संग्राहकांपर्यंत पोहोचला. त्याने रंग उजळतो, यात शंका नाही. परंतु त्याने प्लॅस्टिक मूळ अवस्थेत जात नाही. पिवळेपणा पुढे परत येऊ शकतो, कधी कधी पहिल्यापेक्षा लवकर. द्रव सर्वत्र सारखा लागला नाही तर संगमरवरासारखे पट्टे उमटतात, आणि प्रमाण जास्त झाले तर पृष्ठभाग खडूसारखा पांढरट होतो. हे पट्टे आणि ही पांढरट झाक पिवळेपणापेक्षा वाईट, कारण ती घालवण्याचा मार्ग नाही. स्टिकर, रंगवलेले भाग, क्रोम आणि धातूचे भाग त्या द्रवात जाता कामा नयेत, म्हणजे खेळणे पूर्ण उघडावे लागते. आणि जेटफायरसारख्या जुन्या विमानाच्या पिना काढून पुन्हा बसवणे हे स्वतःच एक संकट आहे.

माझा सल्ला असा, की पिवळेपणा सौम्य आणि एकसारखा असेल तर त्याला हात लावू नये. आपल्या प्रतीत तो फार विषम आहे. तरीही आधी सुटे निघणारे कवचाचे भाग आणि बूस्टर सर्व आहेत का, पंखांच्या बिजागऱ्या शाबूत आहेत का आणि नाकाचे टोक तुटलेले नाही ना, हे पाहा. हे सर्व जुळत असेल तर पिवळा जेटफायर हा चांगला जेटफायर आहे. तरीही उजळवायचाच असेल तर मोडक्या प्रतीतून मिळालेल्या एखाद्या सुट्या तुकड्यावर आधी प्रयोग करावा, हातमोजे आणि चष्मा वापरावा, आणि पुढे विकताना ही प्रक्रिया केल्याचे लेखी सांगावे. खरेदी करणाऱ्यांनी अशी प्रक्रिया ओळखण्यासाठी सांध्याच्या आतील, एरवी झाकलेला भाग बाहेरच्या भागाशी ताडून पाहावा. आतला भाग पिवळट आणि बाहेरचा लख्ख पांढरा असेल तर उत्तर मिळाले.

प्रश्न : ‘मास्टरपीस’ (एमपी) मालिकेतील एमपी-१० हा ऑप्टिमस प्राइम मला जुन्या बाजारात मिळत आहे. याच्या नकला फार आहेत असे ऐकतो. शिवाय ‘थर्ड पार्टी’ हा शब्दही कानावर येतो. नक्कल आणि थर्ड पार्टी या एकच गोष्टी आहेत का, आणि अस्सल प्रत कशी ओळखावी?

उत्तर : या दोन गोष्टी एक नाहीत, आणि त्यांची गल्लत झाली की चर्चा भरकटते. नक्कल म्हणजे अधिकृत खेळण्याच्याच रचनेची, परवानगीशिवाय काढलेली प्रत. संग्राहक तिला ‘केओ’ (नॉक-ऑफ) म्हणतात. थर्ड पार्टी म्हणजे मूळ पात्रावर बेतलेले, पण ज्याची यांत्रिक रचना त्या निर्मात्याने स्वतः केली आहे असे खेळणे. त्यालाही परवाना नसतोच, परंतु त्यामागे स्वतंत्र अभियांत्रिकी असते आणि काही वेळा ती अधिकृत मालाच्या तोडीची असते. थर्ड पार्टीचे मूल्यमापन तिच्याच निकषांवर करावे. तिला ‘नकली एमपी’ म्हणणे जसे चूक, तसेच तिला अधिकृत म्हणून विकणेही चूक.

मास्टरपीस मालिका ताकाराने २००३ मध्ये एमपी-१ या कॉन्व्हॉयने सुरू केली. जपानमध्ये ऑप्टिमस प्राइमचे नाव कॉन्व्हॉय असेच आहे. २००६ मध्ये ताकारा आणि टोमी या कंपन्या एकत्र आल्या, म्हणून २०११ मधील एमपी-१० वर ताकारा टोमी हे नाव अपेक्षित असते. २०१९ मधील एमपी-४४ ही त्याच पात्राची तिसरी नवी रचना. नकलांचा विचार केला तर एमपी-१० सर्वांत पुढे असावा, कारण त्याच्या मूळ मापाच्या तसेच मुद्दाम मोठ्या केलेल्या नकलाही मिळतात. मोठ्या मापाची प्रत मापावरूनच कळते; खरी अडचण सारख्या मापाच्या प्रतीत असते.

सारख्या मापाच्या प्रतीत आधी स्वामित्वहक्काची अक्षरे शोधावीत. नक्कल करणारे बहुधा कंपनीचे नाव साच्यातून घासून काढतात, आणि त्या जागी किंचित खोलगट किंवा अधिक गुळगुळीत चौकोन राहतो. मग बारीक तपशील पाहावेत. तयार खेळण्यावरून साचा काढला की कडा बोथट होतात, कोरीव रेघा उथळ होतात. साच्याच्या जोडरेषेवर नखाला लागणारी प्लॅस्टिकची कोर अधिक दिसते. रंगाच्या कडा खाचेबाहेर सांडलेल्या असतात. हात-पाय फिरवताना रॅचेटचा, म्हणजे सांध्यातील दातेरी चाकाचा, टकटक आवाज एका बाजूला ठाम आणि दुसऱ्या बाजूला पोकळ येत असेल, तर तेही नोंदवावे. एकट्या वजनावर मात्र विसंबू नये, कारण धातूचे भाग नकली प्रतीतही असतात आणि काही नकलांत ते मूळ प्रतीपेक्षा जास्त असतात.

मापाची एक कसोटी उपयोगी आहे, पण तिच्या मर्यादा ओळखून. एबीएस प्लॅस्टिक साच्यात थंड होताना साधारण ०.४ ते ०.७ टक्के आकसते. तयार तुकड्यावरून थेट साचा घेतला असेल तर नकली तुकडा मूळ तुकड्यापेक्षा पुन्हा तेवढाच लहान निघतो. २५० मिलिमीटरच्या मापात हा फरक एक ते पावणेदोन मिलिमीटर भरतो आणि व्हर्नियर कॅलिपरने तो सहज मोजता येतो. परंतु संगणकावर माप वाढवून साचा केला असेल तर ही कसोटी निकामी ठरते. शिवाय तुलनेसाठी खात्रीची अस्सल प्रत हाताशी असावी लागते, आणि ती ज्याच्याकडे असते त्याला बहुधा दुसरी प्रत तपासण्याची गरज नसते.

खोका असेल तर भिंगाखाली त्याची छपाई पाहावी. मूळ छपाईत रंगांचे ठिपके स्वच्छ दिसतात. छापील खोक्याचे स्कॅन करून पुन्हा छापले की ठिपक्यांवर ठिपके बसून लहरींसारखी जाळी उमटते आणि बारीक अक्षरांच्या कडा पुसट होतात. अतिनील दिव्याखाली कागद चमकतो की नाही, ही कसोटी मात्र माझ्या मते गरजेपेक्षा जास्त मिरवली जाते. कागद शुभ्र दिसावा म्हणून घातले जाणारे चमकदार द्रव्य अनेक दशकांपासून वापरात आहे, त्यामुळे जुना अस्सल कागदही चमकू शकतो.

अधिकृत मालातही फरक असतात आणि ते नकलीपणाच्या खुणा नव्हेत. एमपी-१ ची अमेरिकेत विकलेली हॅस्ब्रोची प्रत पाहिली तर धुराड्या जपानी प्रतीपेक्षा आखूड दिसतील. तेथील सुरक्षा नियमांसाठी त्या कापलेल्या आहेत. जुन्या साच्यांची अधिकृत फेरनिर्मितीही झाली आहे: २००२ पासून ‘कमेमोरेटिव्ह सीरिज’ या नावाने, आणि २०१८ पासून वॉलमार्टसाठी. फेरनिर्मिती ही नक्कल नाही, परंतु तिला १९८४ ची प्रत म्हणून विकणे ही फसवणूक आहे, आणि प्रत्यक्षात तीच अधिक वेळा घडते. प्लॅस्टिक अगदी ताजे, क्रोम निर्दोष, रबरी टायर मऊ आणि खोका मात्र नाही, असा ‘१९८४ चा’ रोबो समोर आला तर प्रथम फेरनिर्मितीची शंका घ्यावी.

प्रश्न : माझ्याकडे सीलबंद खोक्यातील एक रोबो आहे. तो उघडून तपासावा, की न उघडता एएफएकडे गुणांकनासाठी पाठवावा?

उत्तर : उघडलेला खोका पुन्हा न उघडलेला होत नाही, म्हणून केवळ कुतूहलापोटी तो उघडू नये. मात्र गुणांकनाने काय कळते आणि काय कळत नाही, हे समजून मगच पाठवावे. एएफए, म्हणजे अ‍ॅक्शन फिगर ऑथॉरिटी, ही संस्था शंभरपैकी गुण देते आणि वस्तू अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत बंद करून परत पाठवते. खोक्याच्या कडा, खिडकीचे प्लॅस्टिक, चिकटपट्टी आणि आतील दिसणारी वस्तू यांचे ते मूल्यमापन असते. सीलबंद खेळण्याचे सांधे कोणी हलवून पाहिलेले नसतात, कारण ते हलवता येतच नाहीत. उत्तम गुण मिळालेल्या पेटीतही आतला टायर शेजारच्या प्लॅस्टिकला चिकटून त्यात खड्डा पडलेला असू शकतो. मऊ रबर व व्हिनाइल यांतील द्रव घटक कालांतराने बाहेर झिरपतात आणि कठीण प्लॅस्टिक विरघळवतात. हा धोका सुट्या खेळण्यांनाही असतो, म्हणून टायर दुसऱ्या भागाला टेकू देऊ नयेत आणि व्हिनाइलच्या पिशव्यांऐवजी पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या वापराव्यात.

सील खरे आहे का, हे आपण स्वतः पाहू शकता. चिकटपट्टीखालील छपाई सोलली गेली आहे का, पट्टीच्या बाहेर जुन्या गोंदाची दुसरी कड दिसते का, झाकणाच्या घडीवर एकापेक्षा अधिक वेळा उघडल्याच्या सुरकुत्या आहेत का, याकडे लक्ष द्यावे. पट्टी काचेसारखी स्वच्छ आणि खोका मात्र चार दशकांचा, ही जोडी संशयास्पद आहे.

जाता जाता, उघडलेल्या जुन्या खोक्यांविषयी थोडेसे. मागील बाजूचा, रोबोचे गुण दाखवणारा ‘टेक स्पेक’ तक्ता कापलेला आणि ‘रोबो पॉइंट’चा तुकडा काढलेला असेल तर गुणांकनात खोका खाली उतरतो, पण तो तक्ता कापून ठेवावा, लाल पारदर्शक पट्टीतून वाचावा आणि पॉइंट जमवून टपालाने खेळणी मागवावीत, हीच तर मूळ योजना होती. तक्ता आणि लाल पट्टी जपून ठेवलेल्या असतील तर मी असा खोका आनंदाने घेईन.

प्रश्न : सोनेरी प्लॅस्टिकचे रोबो आपोआप मोडतात, हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे, पण सर्व सोनेरी भागांना ते लागू नाही. सोनेरी रंग दिलेला किंवा सोनेरी क्रोम चढवलेला भाग वेगळा. धोका आहे तो ज्या प्लॅस्टिकमध्येच चमकदार कण मिसळलेले असतात आणि पृष्ठभागावर भोवऱ्यासारख्या लाटा दिसतात त्याला. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या काही वर्षांतील खेळण्यांत ते आढळते, आणि १९८८ चा ब्लॅक झराक हा जपानी रोबो हे त्याचे कुप्रसिद्ध उदाहरण आहे. असे प्लॅस्टिक मुळापासून ठिसूळ होते आणि पिनेभोवती पहिले फुटते. यावर उपाय नाही. अशी वस्तू पारखताना रूपांतर करून पाहण्याचा हट्ट धरू नये आणि दुसऱ्या कोणाला धरूही देऊ नये. ज्या रूपात ती आहे त्याच रूपात तिचे सर्व बाजूंनी छायाचित्रण करावे. मोडलेला भाग गोंदाने जोडला तर शेजारचा भाग फुटतो, कारण तोही त्याच प्लॅस्टिकचा असतो.

प्रश्न : एका सुट्या रोबोची क्षेपणास्त्रे आणि स्टिकर हरवले आहेत. नव्याने बनवलेले भाग बसवले तर त्याचे मोल कमी होते का?

उत्तर : बसवल्याने होत नाही, लपवल्याने होते. पुनर्निर्मित स्टिकर आणि त्रिमितीय छपाईतून काढलेले छोटे भाग आता सहज मिळतात आणि मांडणीसाठी ते वापरण्यात काहीच गैर नाही, मात्र मूळ भागांच्या मोजणीत ते धरू नयेत. त्रिमितीय छपाईचा तुकडा भिंगाखाली थरांच्या समांतर रेघांवरून ओळखू येतो. साच्यातून ओतलेला तुकडा मूळ क्षेपणास्त्राशी लांबी आणि रंग या दोन्ही बाबतींत ताडावा, कारण सुरक्षा नियमांमुळे अधिकृत फेरनिर्मितीतही काही क्षेपणास्त्रे लांब करण्यात आली होती. जुने, अर्धवट निघालेले स्टिकर काढून टाकण्यापूर्वी त्यांचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे आणि काढलेले तुकडे पाकिटात घालून रोबोबरोबरच ठेवावेत. त्याच पाकिटात एक चिठ्ठी असावी: कोणता भाग मूळ, कोणता पुनर्निर्मित, कोणता स्क्रू केव्हा उघडला. पुढे ही वस्तू ज्याच्या हाती जाईल त्याला तपासणी पहिल्यापासून करावी लागणार नाही.